गुडघे थोडे वाकव

नवरा-नवरीला हातांचं काय करायचं ते कधीच कळत नाही. जन्मापासून वापरलेले स्वतःचे हात, पण कॅमेऱ्यासमोर आले की दोघांनाही ते शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखे वाटायला लागतात. मग मी सांगते. तुझा हात तिच्या पाठीवर ठेव, दाबू नकोस, नुसता टेकव. तू हनुवटी खाली घे, अगं इतकी नाही, चोरी पकडल्यासारखी दिसतेस. आता त्यानं तिच्या कानात काहीतरी सांगायचं. काहीही सांग बाबा, उद्या भाजी कोणती आणायची ते सांग, पण तिला हसू आलं पाहिजे. माझ्या जिभेला हाड नाही, आणि नवरा-नवरी त्या दिवशी कुणाचंही ऐकतात, त्यामुळे माझं बरं चालतं.

उंचीचंही एक ठरलेलं आहे. नवरीचं कपाळ नवऱ्याच्या ओठांपाशी आलं की फोटो बसतो, असं आमच्या धंद्यात सगळे मानतात. का मानतात ते कुणी विचारत नाही, मीही कधी विचारलं नव्हतं. नवरी उंच निघाली तर नवऱ्याच्या पायाखाली एक लाकडी ठोकळा सरकवायचा आणि नवरीचे सँडल काढायला लावायचे. तेवढ्यानं भागलं नाही तर नवरीला हळूच सांगायचं, गुडघे थोडे वाकव. घागऱ्यात कुणाला कळतंय! कळतं फक्त मला. गुडघे वाकले की कंबर खाली येते आणि घागऱ्याची किनार जमिनीवर लोळायला लागते. ती मी वाकून हातानं गोल पसरून देते, म्हणजे घेर मुद्दाम मांडल्यासारखा दिसतो. किती नवऱ्यांचा मान मी असा राखलाय, त्याचा हिशोब नाही. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. पिटूच्या लग्नापर्यंत.

पिटू माझी भाची, ताईची मुलगी. जन्माला आली तेव्हा एवढीशी होती, म्हणून पिटुकली, म्हणून पिटू. मग एका सुट्टीत जी वाढायला लागली ती थांबेचना. भावजींच्या पुढे गेली, मामाच्या पुढे गेली, आणि नाव मात्र पिटूच राहिलं. शाळेत तिला शिडी म्हणायचे. तयार कपडे तिला कधी पुरले नाहीत. दुसऱ्या मुलींच्या पायघोळ ड्रेसमधून हिचे घोटे बाहेर डोकावायचे, आणि मी दारातच विचारायची, काय गं, घरात पूर आलाय का? ती म्हणायची, हो, तुला पोहता येत नाही, तू घरीच थांब.

पण मधली काही वर्षं ती असं बोलत नसे. खांदे पुढे, मान खाली, वर्गात सगळ्यात मागे. ताई नुसती रडायची, हिचं कसं होणार म्हणून. मला रडणाऱ्या माणसांचा राग येतो, सख्खी बहीण असली तरी. मी पिटूला स्टुडिओत घेऊन आले आणि मागच्या कोऱ्या भिंतीला टेकवून उभी केली. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला. आता समोर बघ. देवानं तुला उंची दिली ती घडी घालून ठेवायला नाही दिली, म्हटलं. फोटो काढला. त्यानंतर तिच्या प्रत्येक वाढदिवसाला त्याच भिंतीपाशी एक फोटो, ताठ. पहिल्या फोटोत ती मला मारायला धावणार असं तोंड आहे. पुढे पुढे हसू आलं. पोहायला लागली, मग पोहायला शिकवायला लागली. तलावाच्या काठावर शिट्टी गळ्यात घालून उभी राहिली की लांबून कळायचं, ती आमची पिटू. ते माझं काम होतं. मला मूलबाळ नाही. आयुष्यात एक माणूस मी सरळ उभं केलं, असं मी मनात म्हणायची, आणि चार लोकांतही म्हणायची.

स्थळं यायची आणि उंची बघून परत जायची. एका मुलाच्या आत्यानं तर दारातच मान वर करून बघितलं आणि चहाला नको म्हणाली. मग पिटूनंच तलावावरच्या मोठ्या माणसांच्या वर्गातला एक पसंत केला. तिच्या कानाला लागेल एवढा, गोलसर, पाण्याला भयंकर घाबरणारा आणि स्वतःवर हसणारा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा दारातून आत येताना डोकं वाकवल्याचं नाटक करून म्हणाला, तुमच्याकडे ही सवय करून घ्यावी लागेल ना. मला तो तिथंच आवडला.

लग्नाचे फोटो मी सोडून कोण काढणार! लग्नाच्या थोडे दिवस आधी तो स्टुडिओत आला होता, कपड्यांचे रंग कोणते, उजेड कुठला, असलं ठरवायला. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, मावशी, एक फोटो मात्र असा काढा, ज्यात मी तिच्याकडे वर बघतोय. मी दिव्याची वायर गुंडाळत होते. मला वाटलं, करतोय नेहमीसारखी चेष्टा. म्हटलं, त्यासाठी वेगळा फोटो कशाला रे, तू दुसरीकडे बघूच शकत नाहीस. तो हसला. काहीतरी पुढे सांगणार होता, पण माझा फोन वाजला.

लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या मागच्या खोलीत मी लेन्स पुसत बसले होते तेव्हा विहीणबाई आल्या. मुलाची आई. बाई बोलायला मऊ, आवाज कधी चढत नाही. थोडा पाठीत बाक, तो मी वयाचा समजले. माझ्याजवळ बसल्या, माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्ही घरच्याच, म्हणून बोलते, बाहेरच्याला सांगता आलं नसतं. पोरगी सोन्यासारखी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण फोटो जन्माचे असतात. आमच्याकडचे लोक आतापासूनच हसतायत. तेवढं तुमच्या हातात आहे, सांभाळून घ्या.

दुसऱ्या कुणाच्या आईनं म्हटलं असतं तर मी विचारलं असतं, हसणाऱ्यांना जेवायला बोलावलंय कशाला? एरवी मी नाकावर माशी बसू देत नाही. पण त्या सकाळी माझ्या डोळ्यांपुढे चहाला नको म्हणणारी ती आत्या आली. ही बाई पिटूची सासू होणार. हिच्याच घरात पिटूला राहायचंय. मी मुलीकडची. आणि खरं सांगायचं तर भीती एवढं एकच कारण नव्हतं. मला माझं काम येतं, याचाही तोरा होता. मी म्हटलं, तुम्ही काही काळजी करू नका, कुणाला कळणारसुद्धा नाही. त्यांनी माझा हात दाबला. मला बरं वाटलं, हे सांगताना आज मला माझीच लाज वाटते.

कार्यालयाच्या बागेकडच्या पायऱ्यांवर उजेड छान होता. मी त्याच्या पायाखाली ठोकळा सरकवला. त्यानं ठोकळ्याकडे बघितलं, मग पिटूकडे बघितलं, आणि काही न बोलता चढला. तो कधीच काही न बोलता काही करत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पिटूला म्हटलं, सँडल काढ. तिनं काढले. मी कॅमेऱ्यातून बघितलं. तरी अजून ती वरच होती.

"पिटू, गुडघे थोडे वाकव."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. हसली. मी हसले नाही, तेव्हा तिचं हसू हळूहळू गेलं. तिनं गुडघे वाकवले. मी म्हटलं, अजून थोडे. तिनं अजून वाकवले. मी पुढे होऊन घागऱ्याची किनार पसरायला खाली बसले, तेव्हा ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "मावशी, त्यानं सांगितलंय का?"

एक शब्द पुरला असता. नाही, एवढा. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कुणी? आणि मग मांडवात सासूचं नाव निघणार, पिटू फणकारणार, ताई रडणार. माझ्या डोक्यात हे सगळं एका क्षणात येऊन गेलं, आणि मी उठून कॅमेऱ्यामागे गेले.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "ओठ हलतात."

तिनं ओठ मिटले. फोटो सुंदर आला. कपाळ बरोबर त्याच्या ओठांपाशी.

सकाळभर तेच चाललं. झाडाखाली, खिडकीशी, झोपाळ्याच्या दांडीला धरून. जिथं जमलं तिथं मी तिला बसवली आणि त्याला मागे उभा केला. त्यानं तिच्या कानात काही सांगायचं, असं मी सांगितलं की तो सांगायचा आणि ती हसायची, पण ते हसू तोंडावर येऊन तिथंच थांबायचं. मी मनात म्हटलं, दमली असेल. आपण आपल्याला किती पटकन पटवून देतो!

दुपारी दोन्ही घरांचा एकत्र फोटो. आता मात्र ठोकळा नव्हता, एवढ्या माणसांत त्याची गरजही नव्हती. सगळ्यांना रांगेत लावलं, लहानांना पुढे बसवलं, भावजींना डोळे उघडे ठेवायला सांगितलं. कॅमेऱ्यातून बघितलं तर मधोमध नवरी नवऱ्याच्या खांद्याएवढी. घागऱ्याची किनार जमिनीवर लोळलेली. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

मी तिच्यापाशी गेले आणि कानात म्हटलं, अगं, आता नको, ताठ उभी राहा. ती माझ्याकडे न बघता समोर बघत हसतच म्हणाली, "राहू दे गं. असंच बरं दिसतं ना?"

मागे सगळे ताटकळले होते. मी परत गेले आणि बटण दाबलं.

नंतर स्टुडिओत फोटो निवडायला बसले. मोठ्या पडद्यावर एकेक उघडत होते. लोकांनी बघितले असते तर म्हणाले असते, काय जोडा आहे. एकत्र फोटोत बारीकसारीक बघताना माझी नजर विहीणबाईंवर गेली. शेजारी त्यांचे यजमान, बारीक अंगकाठीचे, बुटके. आणि विहीणबाईंच्या साडीचा काठ जमिनीवर लोळत होता. मी फोटो मोठा केला. पाठीतला बाक वयाचा नव्हता. बाई मूळच्या उंच होत्या. गुडघ्यांत जरा वाकून, खांदे पुढे घेऊन, यजमानांच्या कानाच्या खाली येऊन उभ्या होत्या, आणि चेहऱ्यावर कसला त्रास नव्हता. आता त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. मी तो फोटो बंद केला आणि उठून उगाच दिवे पुसत बसले.

ताईचे फोन यायचे. नव्या संसाराच्या गोष्टी सांगता सांगता एकदा म्हणाली, पिटूनं टाचेचे सगळे सँडल मैत्रिणीला देऊन टाकले. एकदा म्हणाली, दोघं कुठे जातात तर ही दोन पावलं मागून चालते गं, भांडलेत की काय कळत नाही, विचारलं तर काही नाही म्हणते. जावई पण हल्ली गप्प असतो, घरात आला की पेपर उघडून बसतो. ताई म्हणाली, तू बोल ना तिच्याशी, ती तुझंच ऐकते. मी म्हटलं, बोलते. आणि मूग गिळून बसले. फोन हातात घ्यायची, नाव काढायची, परत ठेवायची. ती माझंच ऐकते, हेच तर झालं होतं.

शेवटी ते दोघंच आले, अल्बमसाठी फोटो निवडायला. पिटूनं तिचा एक जुना निळा पायघोळ ड्रेस घातला होता, घोटे उघडे पाडणारा. पुराचं विचारावं असं तोंडावर आलं होतं, पण विचारवलं नाही. चहा केला. दोघं बाकावर बसले, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी पडद्यावर फोटो लावत गेले. तो म्हणायचा, छान आहे. ती म्हणायची, हो, छान आहे. तलाठ्यासमोर बसल्यासारखे दोघं माना डोलवत होते.

फोटो संपले तसा तो माझ्याकडे वळला.

"मावशी, तो कुठाय? मी वर बघतोय तो?"

पिटूच बोलली, पडद्याकडे बघत. "ठोकळ्यावर उभा राहून वर कसा बघणार होतास?"

"ठोकळा तुला हवा होता ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटते. म्हणून चढलो."

पिटूनं त्याच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. "मला? मला वाटलं, तू सांगितलंस मावशीला."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

पळायला जागा नव्हती, माझाच स्टुडिओ. मी म्हटलं, त्यानं नाही सांगितलं, तिनंही नाही सांगितलं. जावयाला म्हटलं, तुझ्या आईनं एकदा म्हटलं, सांभाळून घ्या, पण मी त्यांच्यावर ढकलणार नाही. ठोकळा मी ठेवला. गुडघे मी वाकवायला लावले. मला भीती वाटली की हे लग्न होऊनही पिटूला कुणी नको म्हणेल, आणि मला माझी करामत दाखवायची होती, दोन्ही. चुकलं माझं. मी रडणाऱ्यांना नावं ठेवते, पण माझा आवाज चिरकला.

पिटूनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. तिथंच, पायऱ्यांवर."

"हो."

"तू ओठ हलवू नकोस म्हणालीस."

"हो."

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, मी ऐकलं नसतं," ती म्हणाली. "तू म्हणालीस, म्हणून मला वाटलं, खरंच वाईट दिसत असणार."

ती ओरडली असती, कप फेकला असता, तर बरं झालं असतं. मी खाली मान घालून उभी राहिले. जावयानंच मधली जागा भरून काढत तिच्याकडे सरकून घेतलं. म्हणाला, मी मावशींना सांगणारच होतो त्या दिवशी, अर्धवट राहिलं. वर्गाच्या पहिल्या दिवशी मी पाण्यात कठड्याला धरून लटकलो होतो, बुडतोय असं वाटत होतं, आणि वर काठावर ही उभी होती. मी खालून बघत होतो आणि ही संपतच नव्हती. तेव्हाच ठरलं माझं. मला तो फोटो हवा होता, बाकी सगळे तुम्ही ठेवा.

पिटू हसली. डोळे भरलेले होते, पण हसू खरं होतं, ते मला पडद्याशिवाय कळतं. तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि म्हणाली, मूर्खा, हे घरी नाही का सांगायचं? तो म्हणाला, तू बोलत होतीस का माझ्याशी?

माझ्या जिवात जीव आला. आत्ताच्या आत्ता काढते, मी म्हटलं, हा बघ उजेड पण चांगला आहे. धावत जाऊन मागच्या भिंतीसमोरची खोकी बाजूला केली. ठोकळा तिथंच पडला होता, तो लाथेनं कोपऱ्यात ढकलला. दोघांना भिंतीपाशी उभं केलं. हाताचं, हनुवटीचं काही सांगितलं नाही. हवं तसे उभे राहा, म्हटलं. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे बघायला लागला, तोंड उघडं टाकून, शोभेल तसं नाही, खरं. ती त्याच्याकडे बघून हसत होती. दोघांचं मिटलं होतं. ते मला दिसत होतं आणि डोळे पुसत मी कॅमेरा उचलला.

कॅमेऱ्यातून बघितलं. काहीतरी बसत नव्हतं. त्याची मान वर होती, पण फार वर नव्हती. भिंतीवर तिचं डोकं जिथं यायचं तिथं येत नव्हतं. ती भिंत मला पाठ आहे.

"पिटू, ताठ उभी राहा."

"ताठच उभी आहे, मावशी," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. चेहरा मोकळा होता, खांदे सैल होते, तिला खरंच तसं वाटत होतं. मी कॅमेरा खाली घेतला आणि तिच्या पायांकडे बघितलं. निळ्या ड्रेसची किनार जमिनीला टेकली होती. तिचे घोटे दिसत नव्हते.